ओंडका बांधावरून रस्त्यावर

पाऊस तोंडावर आला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत झाडे तोडणाऱ्या टोळ्यांना उसंत नसते. कुठे लिंबाची फांदी विजेच्या तारेला टेकलेली असते, कुठे घराच्या पायासाठी जुनी चिंच काढायची असते, कुठे ओढ्याकाठच्या बाभळी मालकाने उभ्याच ठोक भावात विकलेल्या असतात. लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरते, त्यामुळे तिथले लाकूड येते ते बांधावरून आणि गावठाणातून. नांदेडला किनवट-माहूरचा सागाचा पट्टा आहे, पण तिथेही छोट्या ठेकेदाराचे रोजचे काम खासगी जमिनीवरच्या झाडांचेच. चार-सहा माणसे, पेट्रोलवर चालणारी करवत, जाड दोर, कुऱ्हाडी आणि एक ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा पिकअप एवढ्या भांडवलावर हा धंदा चालतो. इमारती खोड आरा गिरणीला जाते, जळाऊ लाकूड वीटभट्टीला किंवा हॉटेलला.

झाड कुठल्या बाजूला पाडायचे, दोर कुठे बांधायचा, खाच किती खोल घ्यायची, हे ही माणसे वडिलांच्या हाताखाली शिकलेली असतात. रस्त्याचा कायदा मात्र त्यांना कुणी शिकवलेला नसतो. ओंडका ट्रॉलीत पडून ट्रॉली डांबरी रस्त्यावर आली की त्या क्षणापासून मोटार वाहन कायदा, १९८८ लागू होतो. या धंद्यातले सगळ्यात मोठे आर्थिक आणि जिवाचे धोके माझ्या मते झाडाखाली कमी आणि या रस्त्यावर जास्त आहेत. म्हणून या प्रकरणात करवतीपेक्षा चाकांबद्दल जास्त लिहिले आहे.

सुरुवात ट्रॉलीपासून करू. गावात ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचे एक अवजार, नांगरासारखेच, अशी समजूत घट्ट आहे. कायदा असे मानत नाही. १९८८च्या कायद्यात ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर समाविष्ट आहे. स्वतःचे इंजिन नसले तरी मोटार वाहनाने ओढायचे म्हणून ती ट्रॉली स्वतंत्र वाहन ठरते. त्यामुळे तिला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा क्रमांक लागतो. तो क्रमांक ट्रॉलीच्या डाव्या बाजूवर हवा आणि मागच्या बाजूवर ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक हवा. नांदेडचा एमएच-२६ असो की लातूरचा एमएच-२४, मागून येणाऱ्याला पुढचा ट्रॅक्टर दिसत नसतो. म्हणून हा नियम आहे. जी ट्रॉली कुठल्याशा वर्कशॉपमध्ये जोडून घेतली आणि जिच्या बनावटीला मान्यतेचे प्रमाणपत्र नाही, तिची आरटीओत नोंद होणे कठीण. ट्रॉली स्वस्तात मिळते आहे म्हणून घेण्याआधी बनवणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र आहे का, हे विचारावे. नोंदणी नसलेले वाहन रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, पण खरा तोटा दंडाचा नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही, आणि विमा नाही म्हणजे काय, ते पुढे येईलच.

ओढण्याचे नियमही लिहिलेले आहेत. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार एका मोटार वाहनाने रस्त्यावर ओढून न्यायच्या गोष्टी मोजक्याच आहेत: नोंदणी झालेला ट्रेलर, साइडकार, आणि बिघडलेले किंवा अर्धवट जोडणीचे वाहन; शेवटची दोन तीही गॅरेजपर्यंत किंवा पोचवायच्या ठिकाणापर्यंत. बंद पडलेली पिकअप दोरीने ओढायची तर दोन गाड्यांमधले अंतर ५ मीटरच्या आत हवे, मागच्या गाडीच्या स्टीअरिंगवर लायसनवाला माणूस हवा आणि गाडी ओढली जात असल्याची पाटी मागे दिसायला हवी. आपल्या धंद्याच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा शब्द ‘नोंदणी झालेला’ हा आहे. जनरेटर, फांद्या बारीक करणारे यंत्र किंवा कॉम्प्रेसर चाकांच्या सांगाड्यावर बसवून ट्रॅक्टरमागे जोडला की तो सांगाडा ट्रेलरच्या व्याख्येत येतो. व्याख्या रुंद आहे: मोटार वाहनाने ओढलेले किंवा ओढण्यासाठी केलेले कुठलेही वाहन. वर माल आहे की यंत्र, याने फरक पडत नाही.

जुन्या जीपची मागची बाजू कापून तिथे हौदा बसवणे, पिकअपच्या चेसीवर लाकूड उचलायचा छोटा बूम जोडणे, हे प्रकारही आपल्याकडे सर्रास होतात. कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणी पुस्तिकेत लिहिलेल्या वर्णनापेक्षा वेगळा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. आणि पाण्याच्या पंपाचे इंजिन बसवून तयार केलेल्या ‘जुगाड’ गाड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून टाकले आहे की ती मोटार वाहनेच आहेत. नोंदणी, विमा, लायसन यातले काहीही त्यांना माफ नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग. ट्रॅक्टर शेतीचा, मग त्याने लाकूड वाहिले तर काय बिघडले?

केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेतीच्या ट्रॅक्टरची व्याख्या आहे आणि तिथे तो ‘बिगर-वाहतूक’ वाहन म्हणून सांगितला आहे. शेतीची ट्रॉलीही मुख्यतः शेतीमाल वाहण्यासाठी, अशीच व्याख्या आहे. म्हणून शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला परमिट लागत नाही, दरवर्षी फिटनेसच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, करातही सवलत असते. ही सवलत शेतीच्या वापराशी बांधलेली आहे. दुसऱ्याच्या बांधावरची दहा झाडे विकत घेऊन त्यांचे लाकूड वीटभट्टीला पोचवणे हा व्यापार झाला. त्या फेरीत ट्रॅक्टर-ट्रॉली माल वाहणारे वाहन ठरते. नटवर पारिख अँड कंपनी विरुद्ध कर्नाटक राज्य या २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ट्रॅक्टर आणि ट्रेलर एकत्र आले की ते मालवाहू वाहन होते आणि त्याला परमिट लागते, असे स्पष्ट केले. ‘मी भाड्याने चालवत नाही, लाकूड माझेच आहे’ हा बचावही टिकत नाही. १९८८च्या कायद्यात स्वतःचा माल आणि भाड्याचा माल असा भेद परमिटसाठी ठेवलेला नाही. परमिटशिवाय मालवाहू वाहन चालवले तर १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, असे कलम आहे.

मग छोट्या ठेकेदाराने काय करावे? कायद्यातच एक सोय आहे. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला परमिट लागत नाही. छोटा हत्ती म्हणतात ती गाडी सरळ या मर्यादेत बसते. पिकअपचे काही मॉडेल आत बसतात, काही बाहेर जातात, त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर न जाता आरसीवर छापलेले एकूण वजन पाहावे. परमिट माफ झाले तरी गाडी पिवळ्या पाटीचीच राहते. तिला पासिंग लागतेच: नवी असताना दोन-दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. हे पासिंग चुकवू नये, कारण ५६व्या कलमानुसार फिटनेस संपलेल्या व्यावसायिक गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. सगळी कागदे मोबाइलवरच्या डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवली तरी चालतात, ही सोय २०१८पासून आहे.

लायसनबद्दल मात्र गेल्या काही वर्षांत चांगली बातमी आहे आणि ती अजून गावांपर्यंत नीट पोचलेली नाही. आधी २००१ मध्ये नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की ट्रॅक्टरचे लायसन असलेल्या माणसाने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून त्याचे लायसन निरुपयोगी होत नाही. पुढे पिवळ्या पाटीच्या हलक्या गाड्यांचा प्रश्न राहिला. कार चालवण्याचे लायसन असलेल्या माणसाने पिकअप चालवली आणि अपघात झाला, तर ‘ट्रान्सपोर्ट’चा शिक्का नाही म्हणून विमा कंपन्या हात वर करत. २०१७च्या मुकुंद देवांगन निकालाने चालकांच्या बाजूने कौल दिला, पण तो पुन्हा तपासणीला गेला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बजाज अलियान्झ विरुद्ध रंभादेवी या प्रकरणात निर्णय दिला: हलक्या मोटार वाहनाचे लायसन असलेला माणूस ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची व्यावसायिक गाडी चालवू शकतो, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. निकाल न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिला. हलक्या लायसनवाल्यांमुळे अपघात वाढले असे दाखवणारी आकडेवारी विमा कंपन्यांना न्यायालयापुढे ठेवता आली नव्हती. झाडतोडीच्या धंद्यातले छोटा हत्ती, पिकअप आणि बहुतेक मिनी ट्रक ७,५००च्या आतलेच असतात. साडेसात टनांच्या वर गेले की मात्र ट्रान्सपोर्टचे लायसन हवेच आणि त्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. त्यासाठी पूर्वी आठवी पासची अट होती, तीही २०१९ मध्ये काढून टाकली आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी चांगल्या चालकांना त्या अटीमुळे लायसनच मिळत नव्हते. ती गेली हे योग्यच झाले.

लायसनची अट अशी सैल होणे फक्त आपल्याकडेच घडलेले नाही. इंग्लंडमध्येही झाडांची छाटणी करणारे छोटे ठेकेदार गाडीमागे फांद्या बारीक करणारे यंत्र ओढत फिरतात. तिथे १९९७नंतर लायसन काढलेल्यांना जड ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१पासून ती रद्द झाली आणि साध्या कारच्या लायसनवर ३,५०० किलोंपर्यंतचा ट्रेलर ओढायला परवानगी मिळाली.

आता वजनाकडे वळू, कारण लाकडाचे वजन डोळ्याला फसवते. कोरडे सरपण हलके असते, पण नुकतीच पाडलेली बाभूळ किंवा लिंब पाण्याने भरलेली असते. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण एक टनाच्या आसपास धरावे. एक सोपा हिशेब करू. ६० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा ओंडका घेतला तर त्याचे घनफळ होते सुमारे ०.८५ घनमीटर, म्हणजे वजन साडेआठशे किलोंच्या घरात. छोटा हत्तीची भारक्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. म्हणजे हौदा जवळजवळ रिकामा दिसत असताना एकाच ओंडक्याने गाडी ओव्हरलोड झालेली असते. असे दहा ओंडके ट्रॉलीत टाकले की साडेआठ टन झाले, आणि पुढचा ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर स्वतः भरतो फक्त दोन टनांच्या आसपास. ओव्हरलोडला केंद्रीय कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायला लावतात. भर उन्हात रस्त्याकडेला साडेआठशे किलोंचा ओंडका कोण उतरवणार? पहिली खेप वजनकाट्यावर घालून पावती घ्यावी आणि कुठल्या झाडाच्या किती ओंडक्यांना किती वजन भरले हे वहीत लिहून ठेवावे. दोन-तीन हंगामांत अंदाज पक्का बसतो.

वजन किती हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते कुठे ठेवले हेही. दोन चाकी ट्रॉलीत मालाचा काही भार हुकावर येतो. लांब ओंडका मागे लोंबत ठेवला तर ट्रॉली मागे झुकते, हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. सगळा भार पुढे ढकलला तर उलटे होते: ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. बुंधे खाली, चाकांच्या आसाच्या वर आणि थोडे पुढे, फांद्या त्यांच्यावर, आणि सगळे साखळीने किंवा पट्ट्याने आवळून ठेवणे ही योग्य पद्धत. दोराने बांधलेले ओले लाकूड प्रवासात सरकून बसते आणि दोर सैल पडतो, म्हणून थोडे अंतर गेल्यावर उतरून पुन्हा आवळावे.

बालाघाटच्या रांगांमुळे अहमदपूर, कंधार, मुखेड या भागांतल्या रस्त्यांना चढउतार आहेत. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळायला ते उपयोगी. रस्त्यावर येताना ते दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडायलाच हवेत. ते सुटे राहिले आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो आणि ट्रॉली मागून त्याला कवेत घेते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणे हा तर जीव धोक्यात घालण्याचाच प्रकार. चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे.

हौद्याबाहेर आलेल्या लाकडाचा नियम थोडक्यात असा: बाजूने, पुढून किंवा मागून माल गाडीच्या अंगाबाहेर येता कामा नये. २०१९च्या दुरुस्तीनंतर याला वेगळा २०,००० रुपयांचा दंड आहे. तुळजापूरहून लातूर-नांदेडमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या महामार्गावर रात्री गाड्या वेगात असतात. उसाच्या ट्रॉल्यांना गळीत हंगामात मागे परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा निघतात. लाकडाच्या ट्रॉल्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही. मागे लाल परावर्तक लावणे शे-दोनशे रुपयांचे काम आहे. लांब खोड जागेवरच तोडून लहान करावे. इमारती लाकडाचा भाव लांबीवर ठरतो म्हणून ते अखंड न्यायचे असेल, तर त्याला बसेल एवढ्या हौद्याचा ट्रक भाड्याने घ्यावा.

आता माणसांबद्दल. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेडजवळ आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळली. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात बायका त्यात गेल्या. त्या झाडतोडीच्या कामाला निघालेल्या नव्हत्या, पण ट्रॉलीतून मजूर नेण्याची रीत दोन्ही धंद्यांत तीच आहे. झाडतोडीत ती अधिक घातक, कारण परतताना मजूर ओंडक्यांच्या वर बसतात. ट्रॉली हेलकावली की आधी माणूस खाली पडतो आणि मग त्याच्यावर ओंडका. ट्रॅक्टरवर बसायची जागा एकाच माणसाची आहे, चालकाची. मडगार्डवर बसणारा माणूस कायद्याच्या हिशेबात कुठेच नसतो.

विम्यात तो आणखीच उघडा पडतो. ट्रॅक्टरची पॉलिसी काढली म्हणजे ट्रॉलीचाही विमा झाला, असे नसते. पॉलिसीवर ट्रॉलीचा क्रमांक वेगळा नोंदवून घ्यावा लागतो. वापर शेतीपुरता लिहिलेला असेल आणि अपघात विकत घेतलेले लाकूड नेताना झाला, तर विमा कंपनी तोच मुद्दा दावा न्यायाधिकरणापुढे मांडते. कधी न्यायालय कंपनीला ‘आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे सांगते. स्वरनसिंग प्रकरणातल्या २००४च्या निकालापासून ही वाट मळलेली आहे. जखमीच्या घराला त्याने आधार मिळतो, पण वसुली शेवटी ठेकेदाराच्या जमिनीवर येते. शिवाय झाड पाडताना मजूर जखमी झाला तर कायद्याने भरपाईची जबाबदारी मालकाची आहेच, मजूर रोजंदारीचा असला तरी. त्यासाठी वेगळी कामगार पॉलिसी मिळते. झाडतोडीसारख्या कामात ती नसणे मला अक्षम्य वाटते.

लाकडाची कागदे हा स्वतंत्र विषय, इथे गाडीपुरतेच. १९६४च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, खैर, अंजन, चंदन अशी झाडे आहेत. ती खासगी जमिनीवर असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. नांदेड-वाघाळा आणि लातूर महापालिका किंवा नगरपालिकांच्या हद्दीत १९७५चा नागरी वृक्ष कायदा लागू होतो आणि परवानगी तिथला वृक्ष अधिकारी देतो. लाकूड रस्त्यावर आले की वनविभागाचा वाहतूक पास, म्हणजे टीपी, आणि लाकडावरची हातोड्याची निशाणी पाहिली जाते. काही जातींना पासातून सूट आहे आणि जंगलाबाहेरचा बांबू तर २०१७पासून कायद्याने झाडच राहिलेला नाही. सूट असलेल्या जातींची यादी वनक्षेत्रपालाच्या कार्यालयात मिळते. पास ज्या गाडीच्या क्रमांकावर काढला, त्याच गाडीतून लाकूड गेले पाहिजे. ऐनवेळी गाडी बिघडली म्हणून दुसऱ्या ट्रॉलीत भरले, तर कागद खरा असूनही माल अडकतो.

देगलूरच्या पुढे तेलंगण आणि उदगीरच्या पुढे कर्नाटकातले बिदर ही दोन्ही बाजारपेठा आपल्या ठेकेदारांना जवळच्या. हद्द ओलांडली की राज्यापुरते परमिट अपुरे पडते आणि वाहतूक पासही दोन्ही राज्यांत चालणारा हवा. त्यासाठी २९ डिसेंबर २०२३पासून देशभर एकच ऑनलाइन पास व्यवस्था सुरू झाली आहे. शेतीच्या नोंदणीचा ट्रॅक्टर घेऊन लाकडासकट हद्द ओलांडणे टाळावे.

हे सगळे एका वर्षात आणि एका माणसाच्या खिशातून होणार नाही, हे मान्य आहे. पण क्रम ठरवता येतो आणि माझा क्रम स्पष्ट आहे. हाती पैसे आले की आधी ट्रॉलीची नोंदणी करा आणि तिचा क्रमांक पॉलिसीवर चढवा. मग मजुरांची पॉलिसी काढा. व्यापारी फेऱ्यांसाठी परमिट न लागणारी हलकी गाडी त्यानंतर, आणि नवी करवत सगळ्यात शेवटी. आणि या यादीत पैसे न लागणारी एक गोष्ट आजपासूनच करा: भरलेल्या ट्रॉलीवर एकाही मजुराला बसू देऊ नका. त्यांना एसटीने, जीपने, मोटारसायकलवर, जमेल तसे वेगळे पाठवा. ते भाडे मजुरीतून कापू नका, झाडाच्या सौद्यातच धरा.